टेकडीवर मुलांचा निसर्गवर्ग: जागा एकच ठेवा, ऋतू बदलू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोसायटीतली ७ ते ११ वर्षांची २० मुलं, दर दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर न्यायची आहेत. चार-पाच पालक सोबत येतील, पण वनस्पतिशास्त्र कोणीच शिकलेलं नाही. तयारी काय लागते, दोन तासांत करायचं काय, आणि हे उपक्रम फसतात ते कुठे?

वनस्पतिशास्त्र येत नसल्यामुळे काही अडत नाही. अडतं ते दर वेळी नवी जागा निवडल्यामुळे. आज टेकडी, पुढच्या वेळी नदी, मग उद्यान असं केलं की मुलांसाठी ती सहल होते आणि मोठ्यांना प्रत्येक जागेची तयारी शून्यापासून करावी लागते. म्हणून पहिला निर्णय हा घ्या: टेकडीवरचा दीडशे-दोनशे मीटरचा एकच पट्टा निवडायचा आणि वर्षभर तिथेच जायचं. तेवढ्या पट्ट्यात ठळक झाडं पंधरा-वीस प्रकारांचीच असतात. ती दोन महिन्यांत कोणालाही ओळखू येतात. आणि मार्चमध्ये निष्पर्ण पाहिलेलं झाड जूनच्या शेवटी हिरवंगार झालेलं मुलांना दिसतं, ते तुम्ही काही न सांगताही त्यांच्या लक्षात राहतं.

पट्टा निवडताना चार गोष्टी बघा. रस्ता सोडल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत पोचता यावं, नाहीतर लहान मुलं चालण्यातच दमतात. एका बाजूला मोकळं गवत आणि दुसऱ्या बाजूला झाडी असावी, कारण अशा सीमेवर जीवसृष्टी जास्त सापडते. वीस जण बसतील एवढी सावली हवी. आणि टेकडीवरच्या दगडखाणीत साचलेलं पाणी तिथून लांब असावं. वेताळ टेकडीवर बराच भाग गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाच्या लागवडीने व्यापलेला आहे. त्याच्याखाली फारसं काही वाढत नाही, त्यामुळे मुख्य जागा म्हणून तो निवडू नका. मोई, सालई, खैर, पळस, हेंकळ आणि कडेला रुईची झुडपं असा उतार सापडला तर उत्तम. गिरिपुष्पाचा तुकडा शेजारी असला तर मात्र फायदाच आहे, तो पुढे तुलनेला लागतो. टेकडीचा भांबुर्ड्याकडचा भाग वनखात्याचा आहे. फिरायला जाणं वेगळं आणि मुलांचा गट नेऊन उपक्रम घेणं वेगळं, तेव्हा तारखा, वेळ, मुलांची संख्या आणि जबाबदार व्यक्ती लिहून आधी पत्र द्या आणि त्याची पोच सोबत ठेवा.

पूर्वपाहणी टाळू नका. आदल्या दिवशी, वर्गाच्याच वेळी, दोघांनी तासभर त्या पट्ट्यात फिरायचं. दोन कामं असतात. एक, धोके बघायचे: नवं आग्यामोहोळ, झुडपातलं गांधीलमाशीचं घर, वाळलेली फांदी, फुटक्या बाटल्या. दुसरं, उद्या नक्की जागेवर असतील अशा तीन गोष्टी शोधून ठेवायच्या. जाळ्यात बसलेला कोळी, रुईवरची अळी, मुंग्यांची वाट, सालीवरचं दगडफूल, वारूळ. पक्ष्यांच्या भरवशावर कार्यक्रम आखू नये. वीस मुलांची चाहूल लागली की पक्षी पन्नास मीटर आधीच उडतात, आणि ‘ते बघ, तिकडे’ म्हणून बोट दाखवेपर्यंत निम्म्या मुलांनी काहीच पाहिलेलं नसतं. पक्षी दिसले तर आनंदच, पण वर्ग उभा करावा तो न हलणाऱ्या किंवा सावकाश हलणाऱ्या गोष्टींवर.

वीस मुलांचा एक गट करू नका. दहा-दहाचे दोन करा आणि प्रत्येकाला दोन मोठी माणसं द्या, एक पुढे आणि एक सर्वांत मागे. पाचवा पालक प्रथमोपचाराची पिशवी आणि फोन घेऊन दोन्ही गटांच्या मध्ये. पालकाने आपल्या मुलाच्या गटात राहू नये हा नियम सुरुवातीला कठोर वाटतो, पण तो पाळाच. आई-बाबा शेजारी असले की मूल उत्तर देण्याआधी त्यांच्या तोंडाकडे बघतं, आणि बहुतेकदा उत्तर पालकच देऊन टाकतात. मोठ्यांचे फोन पिशवीत. फोटो काढायचे तर एकानेच, शेवटच्या दहा मिनिटांत.

वेळ सकाळी सातची, एप्रिल-मेमध्ये साडेसहाची. पावणेदोन तास पुरतात. गोल करून उभं राहिल्यावर नियम तीनच सांगा: पुढच्या ताईच्या पुढे आणि मागच्या काकांच्या मागे कोणी जायचं नाही, जिवंत काही तोडायचं नाही आणि विचारल्याशिवाय हातात घ्यायचं नाही, शिट्टी तीनदा वाजली की असाल तिथून परत यायचं. शिट्टीचा नियम नुसता सांगू नका, लगेच एकदा करून घ्या. दहा नियम सांगितले तर एकही पाळला जात नाही. मग पहिली दहा मिनिटं पळायची. हरिण-वाघ, पकडापकडी, काहीही. घरातून आलेल्या मुलांच्या अंगात साठलेली चुळबूळ आधी बाहेर पडावी लागते. ‘आता शांत बसून ऐका’ हे सुरुवातीलाच ठेवलं की पाच मिनिटांत टिवल्याबावल्या सुरू होतात आणि पूर्ण सकाळ मुलांना दटावण्यात जाते. त्यानंतर चाळीस मिनिटं मुख्य उपक्रम, पंधरा मिनिटं खाऊ-पाणी, दहा मिनिटं शांत बसणं, वही आणि परत. पोचल्यावर, खाऊनंतर आणि निघताना मुलं मोजायची, मोठ्याने.

मुख्य उपक्रम एका वेळी एकच घ्या. खाली काही देतो, ते अवजारांशिवाय आणि तज्ज्ञाशिवाय जमतात.

चौरस मीटर. चार मीटर सुतळीला दर मीटरला गाठ मारा, टोकं बांधा, चार कोपऱ्यांवर दगड ठेवून चौकोन करा. सात-आठ वर्षांच्या मुलांना दोन मीटर सुतळीचा, म्हणजे अर्ध्या मीटरच्या बाजूचा चौकोन द्या, एक मीटर त्यांना आवरत नाही. तिघांचा एक संच. काम एवढंच की यात किती प्रकारची पानं आणि किती प्रकारचे प्राणी आहेत ते मोजायचं. नावं मुलांनी स्वतः द्यायची: केसाळ, कातरलेलं, लाल देठाचं. बारा मिनिटांत चौकोन एकदा मोकळ्या उतारावर आणि एकदा गिरिपुष्पाखाली मांडला की दोन आकडे समोर येतात. फरक का पडला असेल हे त्यांनाच विचारा. ऊन, पानांचा थर, गुरांचं चरणं, जे जे मुलं सुचवतील ते सगळं वहीत उतरवा, लगेच बरोबर-चूक करू नका. हा उपक्रम जूनअखेर ते ऑक्टोबर उत्तम चालतो. मार्चमध्ये घेतला तर चौकोनात वाळकं गवत आणि माती एवढंच उरतं आणि मुलं कंटाळतात. पण त्याच चौकोनाच्या जागी खुणेचा दगड ठेवून पावसाळ्यात पुन्हा मोजणार असाल, तर मार्चचा कंटाळवाणा आकडाही हवाच.

उलटी छत्री. फिक्या रंगाची छत्री उघडून झुडपाच्या फांदीखाली उलटी धरायची आणि फांदीवर काठीने तीन-चार हलके टोले द्यायचे. नाकतोड्यांची पिल्लं, उडे कोळी, सोंडकिडे, ढेकण्या छत्रीत पडतात. मुलांना हा प्रकार इतका आवडतो की नंतर प्रत्येक झुडपासाठी हट्ट होतो, म्हणून तीन झुडपं आधीच ठरवून ठेवा. टोले देण्याआधी मोठ्या माणसाने खालून वर नीट बघावं: घरटं नाही, गांधीलमाशी नाही, केसाळ सुरवंट नाहीत. चेहरे छत्रीच्या वर वाकलेले नसावेत. पाच मिनिटं बघून झालं की सगळे जीव त्याच झुडपाखाली सोडायचे. बरणीत ठेवून बघायचं असेल तर झाकणाला भोकं, बरणी सावलीत, आणि वेळ पाच मिनिटांच्या वर नाही. बंद बरणी उन्हात राहिली तर आतला किडा काही मिनिटांत मरतो, आणि ‘जपून वागा’ हे तुमचं सांगणं तिथेच संपतं.

भिंगाबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण इथे हमखास चुकतं. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून वस्तू अडीच सेंटिमीटरवर आणावी लागते. मुलं ते हात लांब करून धरतात, सगळं धूसर दिसतं आणि भिंग खिशात जातं. लहान मुलांना तिप्पट मोठं दाखवणारं, तळहाताएवढं भिंग द्या. तीन मुलांत एक असेल तरी चालतं. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही हे वाटतानाच बजावा.

रुईचं झुडूप हा स्वतंत्र वर्ग होऊ शकतो. पानामागे एकेकटी पांढुरकी अंडी, मग काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची आणि काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असलेली बिबळ्या कडवा फुलपाखराची अळी, लटकलेला कोष आणि निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा टोळ, एवढं एकाच झुडपावर मिळू शकतं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण तीन-चार आठवड्यांचा, म्हणजे लागोपाठच्या दोन-तीन वर्गांत तो पाहता येतो. प्रश्न असा टाका: या झाडाचा चीक विषारी आहे, गुरंसुद्धा याला तोंड लावत नाहीत, मग ही अळी कशी जगते? आणि ती लपायचं सोडून इतकी भडक का? अळी ते विष अंगात साठवते आणि पक्ष्यांना ती कडू लागते, हे उत्तर दहा-अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत थोड्या मदतीने पोचतं. हात मात्र कोणी लावायचा नाही. चीक डोळ्यात गेला तर डोळा बराच वेळ लाल, दुखरा आणि अंधूक राहू शकतो. लगेच पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि डॉक्टरांकडे न्यायचं. यासाठी गटामागे एक लिटर जास्तीचं पाणी नेहमी ठेवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी गवत पिकलं की मोज्यांत कुसळं घुसतात आणि रडारड होते. त्याच कुसळांचा सुंदर प्रयोग होतो. मुलांच्या मोज्यांतून काढलेलं एक कुसळ घ्या, बी असलेलं टोक ओल्या मातीच्या गोळ्यात उभं खोचा आणि वरच्या पिळलेल्या काळपट शेपटीवर पाण्याचे दोन थेंब टाका. शेपटी पीळ सोडत गोल फिरायला लागते, वाळली की उलटी फिरते. दिवसा ऊन आणि रात्री दव अशा आलटून-पालटून पिळण्याने बी स्वतःला जमिनीत रुतवून घेतं. कोणतंही यंत्र नाही, बॅटरी नाही, आणि मुलं पंधरा मिनिटं श्वास रोखून बघतात. टोक सुईसारखं असतं, त्यामुळे डोळ्यांपासून लांब ठेवायचं आणि कुसळ एकमेकांना टोचण्याचा खेळ सुरू झाला तर लगेच थांबवायचा.

बाकीच्या महिन्यांना खाद्य शोधावं लागत नाही. जूनच्या पहिल्या सरींनंतर लाल मखमली मृगाचे किडे आणि पंख गळून पडलेल्या वाळव्या, ऑगस्ट-सप्टेंबरात तेरडा, ज्याची पिकलेली बोंडं बोट लागताच फुटतात, पावसानंतर जाळ्यात पांढऱ्या नागमोडी रेघांची नक्षी काढणारे कोळी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगाऱ्यावर शिंजीर, मैना, बुलबुल. मेमध्ये झाडाखालच्या मऊ मातीत नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात, त्यांच्या तळाशी मुंगीची वाट बघणारी अळी दडलेली असते. आणि दगड तर बारा महिने आहेतच: काळ्या बेसाल्टमधली भोकं ही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातले वायूचे बुडबुडे, आणि काही भोकांत भरलेले पांढरे स्फटिक नंतर पाण्याबरोबर आलेले. मार्च ते मे मोकळ्या जमिनीवर टिटवी अंडी घालते. ती ओरडत डोक्यावर झेपावली की सगळ्यांनी आल्या वाटेने मागे फिरायचं, घरटं शोधायचं नाही.

शांत बसण्याची दहा मिनिटं (सात वर्षांच्यांना पाचच) पुष्कळ जण पहिल्या वर्गात फसली म्हणून सोडून देतात. फसण्याचं कारण बहुधा अंतर असतं. मुलं शेजारी-शेजारी बसली की कुजबुज होणारच. दहा-दहा मीटरवर बसवा, प्रत्येक मूल मोठ्या माणसाला दिसलं पाहिजे, आणि प्रत्येकाची जागा वर्षभर तीच. हातात काम द्या: कागदाच्या मधोमध फुली म्हणजे मी, आणि ऐकू येईल तो आवाज त्या दिशेला खुणेने काढायचा. पहिल्या दिवशी कागदावर गाड्यांचे हॉर्न आणि विमानच असतं. तेही खरंच आहे, खोडायला लावू नका. तिसऱ्या-चौथ्या वर्गापासून कागद भरायला लागतात.

वही जाड पुठ्ठ्याची, कोऱ्या पानांची, आणि पेन्सिल, कारण पावसात पेनची शाई पसरते. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, हवा, एक चित्र, एक मोजमाप आणि एक प्रश्न. चित्र ‘छान’ आहे की नाही यावर एक शब्दही बोलू नका. पानाला किती शिरा आहेत, समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे विचारलं की मूल पुन्हा झाडाकडे बघतं आणि चित्र आपोआप सुधारतं. प्रत्येक गटाला एक झाड नेमून द्या आणि दर वर्गाला नोंद करा: कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं यांपैकी काय नाही, काय थोडं आणि काय पुष्कळ. सीझनवॉच या देशभर चाललेल्या उपक्रमात झाडांच्या अशाच नोंदी होतात, तिथे तुमचं झाड नोंदवता येईल. मात्र तिथे दर आठवड्याला नोंद अपेक्षित असते, म्हणून मधल्या रविवारी एका कुटुंबाने पाळीपाळीने जाऊन यावं.

मुलं सारखी ‘याचं नाव काय?’ विचारतील. माहीत असेल तरी लगेच सांगू नका. आधी तीन निरीक्षणं मागा, मग नाव. नाव मिळालं की मूल त्या वस्तूकडे बघायचं थांबवतं. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, वर्णन लिहून घेऊ’ म्हणा. ठोकून दिलेलं चुकीचं नाव मात्र वर्षानुवर्षं टिकतं.

आता धोके. मुलांच्या बाबतीत सापापेक्षा जास्त वेळा त्रास देतात त्या बिया. मोगली एरंड, गुंज, पिवळा कण्हेर, घाणेरीची हिरवी फळं, या चारही गोष्टी विषारी आहेत आणि त्यातल्या गुंजा तर मुलं हमखास खिशात भरतात. म्हणून नियम सरळ: टेकडीवरचं काहीही तोंडात नाही, करवंदंसुद्धा मोठ्यांना दाखवून. खाऊआधी साबणाने हात. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात पिकतात. केस अंगाला लागले तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढून काढायचे आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं.

आग्यामोहोळाच्या आसपास धूर, दगड, अत्तर, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नये. तोंड-डोकं झाकून सरळ लांब पळायचं, शक्यतो बंद खोलीत किंवा गाडीत. पाण्यात उडी मारणं उपयोगाचं नाही, माश्या वर घिरट्या घालत राहतात. काटा नखाने किंवा कार्डाच्या कडेने ताबडतोब खरवडून काढायचा. ओठ सुजले, श्वास लागला किंवा अनेक डंख असले तर थेट रुग्णालय.

दगड उलटायचा तर मोठ्या माणसानेच, आणि समोरची कड धरून आपल्याकडे, म्हणजे खाली जे असेल ते आणि आपण यांच्यामध्ये दगड राहतो. बघून झालं की दगड हळूच जसाच्या तसा. विंचू चावल्यावर नुसती आग होत असेल तरी मुलाला डॉक्टरांना दाखवा. घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणं ही लाल विंचवाच्या विषाची लक्षणं आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोग. साप चावला तर मुलाला आडवं करायचं, तो हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीला सैल बांधून हलू द्यायचा नाही, आवळपट्टी, चीर, चोखणं काही करायचं नाही आणि १०८ला फोन. सर्पदंशावरची लस जवळ कुठे उपलब्ध आहे हे वर्ग सुरू करण्याआधी फोन करून विचारा आणि ते नाव पिशवीच्या झाकणावर लिहा.

पिशवीत जंतुनाशक, गॉज, पट्ट्या, चिमटा, चिकटपट्टी, क्षारसंजीवनीची पाकिटं, मोठा रुमाल आणि प्रत्येक मुलाचा कागद: ॲलर्जी, चालू औषधं, दोन फोन नंबर, पालकांची सही. औषधाची गोळी पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोणीही देऊ नये. मुलांनी पूर्ण पँट, बंद बूट, टोपी आणि किमान पाऊण लिटर पाणी आणावं. पावसाळ्यात रेनकोट, म्हणजे हात मोकळे राहतात.

रिमझिम पावसात वर्ग रद्द करू नका, बेडूक आणि गोगलगायी तेव्हाच भेटतात. मात्र मोठ्या शंखांच्या आफ्रिकी गोगलगायीला हात लावायचा नाही. विजा हे मात्र रद्द करण्याचं पक्कं कारण. एप्रिल-मेचा वळीव आणि परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, पण सकाळीही गडगडाट ऐकू आला की लगेच टेकडी उतरायची, झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाही.

मुंग्या चिरडणारं किंवा किड्याला घाबरून किंचाळणारं एखादं मूल असतंच. दोघांनाही सगळ्यांसमोर समजावू नका. चिरडणाऱ्याला मुंग्यांच्या वाटेचा राखणदार करा: एका पानावर साखर, दुसऱ्यावर शेंगदाण्याचा कूट ठेवून दर दोन मिनिटांनी कुठे किती मुंग्या ते त्याने मोजायचं. घाबरणाऱ्याला नोंदी लिहायचं काम द्या, म्हणजे ते हवं तेवढं अंतर ठेवून सहभागी राहतं. कोणाच्याही तळहातावर आग्रहाने काही ठेवू नका.

मुलं गेल्यावर मोठ्यांनी दहा मिनिटं थांबून तीनच गोष्टी लिहाव्यात: आज काय कुठे दिसलं, मुलं कुठे कंटाळली, पट्ट्यात नवा धोका कोणता. पुढची पूर्वपाहणी हीच वही हातात घेऊन करायची.